सावित्रीच्या काठाने, खेकड्यांच्या मुलखातून

दरवर्षी २० मार्चला महाडला आपल्या समाजाची रीघ लागते. मुंबईच्या चाळींतून, कल्याण-अंबरनाथच्या वस्त्यांतून, पुण्याहून, थेट विदर्भ-मराठवाड्यातून माणसे येतात. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात, क्रांतिस्तंभापुढे वंदना म्हणतात, पुस्तकांच्या दुकानांवर रेंगाळतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरतात. गावाला लागूनच वाहणाऱ्या सावित्री नदीकडे मात्र फारसे कोणी जात नाही. पुलावरून गाडी जाते तेवढेच काय ते नदीचे दर्शन.

खरे तर ही नदी आपल्या इतिहासाचा रस्ता आहे. १९२७ च्या मार्चमध्ये तळ्यावरचा पहिला सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला निघाले ते मोटारीने नव्हे, बोटीने. २४ डिसेंबरला मुंबईच्या धक्क्यावरून ‘पद्मावती’ बोट सुटली. बाबासाहेबांबरोबर शे-दोनशे प्रतिनिधी होते. हरिहरेश्वरापर्यंत समुद्राने, तेथून सावित्रीच्या खाडीने दासगाव बंदरापर्यंत, आणि दासगावहून महाडपर्यंत पाच मैल पायी, असा तो प्रवास झाला. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या पाण्यावरून ती माणसे गेली ते पाणी पाहावे, त्याच्या दोन्ही काठांना काय आहे ते पाहावे, असे फार दिवस मनात होते. ही वाट मी दोन खेपांत केली. एकदा मृगाचा पाऊस पडल्यावर, आणि एकदा मार्चमध्ये, वीस तारखेचा कार्यक्रम आटोपल्यावर.

दोन्ही खेपांना एक सोबती मात्र जागोजागी भेटत राहिला. डोंगरातल्या ओहोळात तो होता, भाताच्या बांधात होता, खाडीच्या चिखलात होता, बाणकोटच्या वाळूतही होता. तो म्हणजे खेकडा. म्हणून आजचा हा लेख नदीचाही आहे आणि खेकड्याचाही.

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरकडे उतरते आणि महाडला येता येता संथ होते. महाडच्या अलीकडे, मुंबई-गोवा रस्त्याला लागूनच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. पहिल्या खेपेला पाऊस होता. पायऱ्यांवरून पाणी खळखळत होते, आणि त्या पाण्यातून दोन तपकिरी खेकडे तिरपे चालत वर निघाले होते. जणू लेणी पाहायलाच. माझ्यासोबत आलेली शाळकरी मुले लेणी विसरून त्यांच्यामागे लागली. मुलांनी तरी काय करावे! विहारातल्या स्तूपापेक्षा चालता खेकडा केव्हाही अधिक मजेचा.

इथल्या लोकभाषेत खेकड्याला एक नाव नाही. शेतातला, बांधातला लहान तो मुठा. खाली रत्नागिरीकडे त्यालाच किरवा किंवा किरवी म्हणतात. खाडीतली मोठी ती चिंबोरी. आणखी दक्षिणेला, सिंधुदुर्गात गेलात की कुर्ली. मुंबईत आपण सगळ्यांनाच खेकडे म्हणतो, आणि मग गावाकडची आत्या हसते.

नावे वेगळी असली तरी घडण एकच. दहा पाय. त्यांतले पुढचे दोन म्हणजे डेंगे, अर्थात नांग्या. उरलेले आठ चालायचे. पाठीवर चुन्याने कडक झालेले कवच. डोळे दांड्यांवर बसवलेले, हवे तेव्हा उभे करायचे, नको तेव्हा खोबणीत आडवे टाकायचे. पायांचे सांधे असे बसवलेले असतात की ते बाजूला चांगले वाकतात, पुढे तितके नाही. म्हणून बहुतेक खेकडे तिरपे धावतात. श्वास माशासारखा कल्ल्यांनी. ते कल्ले कवचाच्या आत ओले राखले की तो जमिनीवरही तासन्‌तास राहू शकतो. रक्त आपल्यासारखे लाल नसते. आपल्या रक्तात लोह, त्याच्या रक्तात तांबे. म्हणून त्याला हवा लागली की निळसर छटा येते. दात तोंडात नसून पोटात असतात. आणि चव तो पायांनीही घेतो! अन्नावर पाय पडला की कळते, हे खाण्याजोगे आहे की नाही.

नर-मादी ओळखायची खूण गावातल्या पोराटोरांना पाठ असते. खेकडा उलथा करायचा. पोटावर जे झाकण दुमडलेले दिसते ते अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोल असेल तर मादी. मादीचे झाकण रुंद का, तर त्याखाली ती अंडी सांभाळते.

आता गोड्या पाण्याच्या खेकड्याची गोष्ट इथे नीट सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. समुद्रातली खेकडी लाखो अंडी घालते, त्यांतून डोळ्यांना न दिसणारी पिल्ले बाहेर पडतात, ती आईसारखी दिसतही नाहीत, आणि पाण्यावर वाहत वाहत, रूप बदलत बदलत पुढे खेकडा होतात. लाखांतली मोजकीच जगतात. डोंगरातल्या ओहोळात हे चालणार नाही. पिल्ले एका पुरात वाहून जातील. म्हणून गोड्या पाण्यातल्या खेकडीने दुसरा मार्ग घेतला आहे. तिची अंडी थोडी, पण मोठी. पिल्लू अंड्यातच पुरते घडते आणि बाहेर येते ते चिमुकला खेकडा होऊनच. तरी आई त्याला लगेच सोडत नाही. पोटाच्या झाकणाखाली ती सगळी पिल्ले कित्येक दिवस घेऊन हिंडते. झाकण जरा उघडले की आत मुगाएवढी पिल्ले वळवळताना दिसतात.

म्हणूनच जाणती बाई पोटाशी पिल्ले असलेली खेकडी परत पाण्यात सोडते. महाड तालुक्यातल्या एका वाडीत मी हे पाहिले. पहिल्या पावसाच्या रात्री पुरुष मंडळी आणि पोरे बॅटऱ्या घेऊन निघाली होती. पूर्वी चुडी पेटवून जात. उन्हाळाभर खोल बिळात ओल धरून दबून राहिलेले मुठे पहिला पाऊस अंगावर घ्यायला बाहेर पडतात. उजेड डोळ्यांवर पडला की ते जरा थबकतात, तेवढ्यात पाठीमागून कवच धरायचे. पुढून हात नेला तर डेंगा बोटात! तासाभरात दोन डबे भरले. घरी आल्यावर काकींनी कंदिलाजवळ बसून एकेक उलथा केला आणि सहा-सात माद्या बाजूला काढल्या. धाकटा कुरकुरला.

“काकी, मोठ्या मोठ्या सोडता व्हय?”

“आई हाय ती. आज खाल्लीस तर फुडल्या साली काय खाशील?” काकी म्हणाल्या आणि त्यालाच त्या ओहोळावर सोडून यायला पाठवले. एवढ्या पावसात तो गेला आणि सोडून आला.

हे मुठे म्हणजे आपल्या माणसांचे पावसाळ्यातले हक्काचे अन्न. ज्यांना जमिनी नव्हत्या, ज्यांच्या कणग्या जेठातच रिकाम्या होत, त्यांच्या चुली आषाढात मुठ्यांवर आणि रानभाज्यांवर पेटत असत. त्याची आमटी करण्याची रीतही गरिबीतूनच आलेली, कारण काहीही फुकट जाऊ द्यायचे नसे. बारीक पाय पाट्यावर वाटायचे, पाण्यात कालवून रस गाळून घ्यायचा, आणि त्याच रसात वाटण घालून मोठे तुकडे शिजवायचे. सोबत तांदळाची भाकरी. आज हीच आमटी मुंबईच्या हॉटेलात शेकड्यांच्या भावाने मिळते, आणि ती खाणाऱ्यांना ती कोणाच्या चुलीवरून आली हे ठाऊक नसते.

सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांवर अलीकडे बरेच संशोधन झाले आहे. २०१४ आणि २०१६ साली पश्चिम घाटातून रंगीबेरंगी खेकड्यांच्या नव्या जाती शास्त्राच्या नोंदीत आल्या. जांभळ्या, केशरी, पाहत राहावे अशा. चांगलीच गोष्ट आहे. फक्त ‘शोध लागला’ हा शब्द वाचला की मला त्या काकी आठवतात. डोंगरातल्या कातकऱ्याला, धनगराला, आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना कोणत्या कड्यात कोणत्या रंगाचा खेकडा असतो हे केव्हाचे माहीत असते. त्यांना नोंद करायची वही मात्र कोणी दिली नव्हती.

शेतकरी आणि मुठा यांचे वैरही जुने. मुठा भाताची कोवळी रोपे कुरतडतो आणि बांधात बिळे पाडतो; बिळातून पाणी जाते आणि बांध फुटतो. म्हणून पावसाळ्यात रोज बांधावरून फिरून बिळे चिखलाने बुजवावी लागतात. काही जण बिळात विषारी औषध सोडतात. थायमेट या नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या फोरेट या औषधावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, पण कोणाच्या कोनाड्यात जुना पुडा राहिलेला असू शकतो. अशा शेताजवळचे खेकडे मुलांनी आणले तर काय होईल याचा विचार करा. सुस्त पडलेला, हात लावला तरी न पळणारा खेकडा कधीही घरी आणू नये.

बांधाच्या या बिळावरून एक मोठी गोष्ट आठवते, आणि ती सांगितल्याशिवाय खेकड्याचा लेख पुरा होणार नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडी झोपेच्या तयारीत होती. घरेच्या घरे वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे प्राणाला मुकली. धरणाला गळती आहे अशा तक्रारी आधीच केल्या होत्या, असे गावकरी सांगत होते. त्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी कारण दिले ते असे की खेकड्यांनी धरणाची भिंत पोखरली! महाराष्ट्रभर लोक संतापले. ठाण्यात तर विरोधी पक्षाचे लोक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि ‘हे घ्या आरोपी, करा अटक’ म्हणाले.

खेकडा मातीत बीळ पाडतो हे खरे आहे, ते वर सांगितलेच. पण ज्या गोष्टीवर गावचा अडाणी शेतकरी रोज सकाळी बांधावरून फिरून इलाज करतो, त्या गोष्टीवर इंजिनिअर, ठेकेदार आणि खाते असलेल्या सरकारने इलाज करू नये? मातीच्या धरणाच्या पोटात चिकणमातीचा घट्ट गाभा घालतात, पाणलोटाच्या बाजूला दगडी पिचिंग करतात, भिंतीवर नजर ठेवायची व्यवस्था असते. हे सगळे उंदीर, घुशी, खेकडे, झाडांची मुळे आणि पाण्याचा दाब गृहीत धरूनच केलेले असते. गळती दिसत असताना ती बुजवली नाही तर दोष बिळाचा की पाहणाऱ्याचा? ज्याला बोलता येत नाही, ज्याचा वकील नाही, त्याच्या माथी गुन्हा मारायचा, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. खेकडा निदान त्या रात्री वाडीतल्या माणसांच्या अर्जावर बसून राहिला नव्हता.

असो. महाडला परत येऊ.

चवदार तळ्याच्या काठावर उभे राहिले की मला नेहमी वाटते, या पाण्यात किती जीव जन्मले आणि मेले असतील. मासे, बेडूक, कासवे, खेकडे. गुरे येऊन पाणी पीत होती. यांच्यापैकी कोणाच्याही स्पर्शाने तळे बाटले नाही. २० मार्च १९२७ ला माणसांनी ओंजळ भरली तेव्हा मात्र ते बाटले, आणि गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून त्याची शुद्धी करण्यात आली! पुढे दहा वर्षे कोर्टात भांडल्यावर १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

दुसऱ्या खेपेला मी महाडहून दासगावला गेलो. आज हे मुंबई-गोवा रस्त्यावरचे एक गाव आहे, गाड्या न थांबता जातात. इथे खाडीच्या काठावर उतरले की समजते, बोटी इथवर का येत. भरतीचे पाणी समुद्रातून आत, थेट इथपर्यंत चढते. भरतीवर बोट आत आणायची आणि ओहोटीवर बाहेर काढायची. खेकड्यांचे सगळे आयुष्यही याच वेळापत्रकावर चालते. मी पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. काठचा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर शेकडो भोके. क्षणभर स्तब्ध उभा राहिलो, तर एकेका भोकातून एकेक बोटाच्या पेराएवढा खेकडा बाहेर आला. त्यांतल्या नरांचा एक डेंगा अंगाएवढा मोठा, तांबूस-गुलाबी, आणि दुसरा इवलासा. मोठा डेंगा वर-खाली, वर-खाली हलवत सगळे उभे! लांबून पाहिले तर सभेत हात वर करून मतदान चालले आहे असे वाटावे. हे हात हलवणे मादीला बोलावण्यासाठी असते, आणि शेजारच्या नराला ‘माझ्या बिळाजवळ येऊ नको’ हे सांगण्यासाठीही. मादीचे दोन्ही डेंगे लहान. ती दोन्ही हातांनी चिखल तोंडात घालते. नराला बिचाऱ्याला एकाच हाताने जेवावे लागते, दुसरा नुसता मिरवायला. आपल्याकडच्या काही पुढाऱ्यांची आठवण झाली, पण नावे कशाला घ्या.

काठच्या कांदळवनात पाने खाणारे खेकडे आहेत. खाली पडलेले पान ते बिळात ओढून नेतात, कुरतडतात, त्याचा चुरा चिखलात मिसळतो. त्यांच्या बिळांतून चिखलात हवा आणि पाणी खेळते, नाहीतर तो चिखल आत सडलेला, काळा असतो. म्हणजे कांदळ खेकड्याला घर देते आणि खेकडा कांदळाची मशागत करतो. मुंबईत कांदळवनावर भराव टाकून इमारती उठल्या, ती झाडे तोडू नयेत म्हणून २००५ आणि २०१८ साली हायकोर्टाला आदेश द्यावे लागले. तिवराची झाडे गेली की चिंबोरी जाते, आणि पहिल्यांदा रोजगार बुडतो तो खाडीवर जाळे टाकणाऱ्या गरिबाचा.

सावित्रीच्या खाडीचे दुखणे वेगळे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत आणि त्यांच्या सांडपाण्याबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत. दासगावच्या काठावर जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध भोयाला विचारले, तर म्हणाला, “पहिलं टोपली उचलवायची न्हाय, आता टोपलीचा तळ दिसतो. औषधाचं पाणी आलं की मासली वर येते, चिंबोरी काठाला चढते.” चिंबोरी काठाला चढते हे त्याचे निरीक्षण अगदी शास्त्राला धरून आहे. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की खेकडा पाणी सोडून वर येतो, कारण ओल्या कल्ल्यांनी तो हवेतही काही वेळ तगू शकतो. माशाला तेवढी सोय नाही. पण त्याच्या पोरांना कारखान्यातच काम आहे, हेही तोच म्हणाला. त्यामुळे कारखाने बंद करा असे सोपे उत्तर इथे कोणी देत नाही. पाणी साफ करून सोडा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

दासगावहून आंबेतच्या पुलाने सावित्री ओलांडली की म्हाप्रळ लागते आणि आपण मंडणगड तालुक्यात येतो. इथून आंबडवे दूर नाही. बाबासाहेबांचे हे मूळ गाव, ज्यावरून आंबडवेकर हे नाव शाळेच्या दाखल्यात आले. गावात स्मारक आहे. तिथे सोबतच्या मुलांनी एक मुठा पकडून त्याच्या डेंग्याला दोरा बांधला होता आणि काठीने टोचत होती. तथागतांच्या काळी वैशालीतली मुलेही हेच करत असावीत, कारण मज्झिम निकायातल्या चूळसच्चक सुत्तात नेमका हा दृष्टान्त आहे. वादात हरलेल्या सच्चकाला उद्देशून एक लिच्छवी म्हणतो की तळ्यातून काढलेल्या खेकड्याच्या नांग्या गावची मुले काठ्यादगडांनी मोडून टाकतात आणि मग त्याला पाण्यात परत जाता येत नाही, तशी याची गत झाली. मुलांना तिथेच, पायरीवर बसून ही गोष्ट सांगितली. “मग त्याचा पाय परत येतो का?” असे धाकटीने विचारले. येतो! शत्रूने पाय धरला तर खेकडा तो स्वतःच तोडून देतो आणि पळतो. पुढची कात टाकताना त्या जागी लहानसा पाय फुटतो, आणखी एक-दोन कातींत तो मोठा होतो. धाकटीने दोरा सोडला. थोरल्याने मात्र खात्री करून घेतली की ‘परत येतो’ म्हणजे तोडायला हरकत नाही असा अर्थ नाही.

कात टाकणे ही खेकड्याच्या जन्मातली सर्वांत धोक्याची वेळ. कवच ताणत नाही, म्हणून वाढायचे तर जुने टाकावेच लागते. मागच्या बाजूने कवच उकलते आणि खेकडा पाठमोरा सरकत त्यातून बाहेर येतो. डोळ्यांच्या दांड्या, कल्ल्यांची आवरणे, पोटाचे अस्तर, सगळे मागे सोडून. नवे कवच कातड्यासारखे मऊ असते. तो पाणी पिऊन फुगतो आणि तेवढ्या मापावर कवच कडक होऊ देतो. तोवर कोणीही यावे आणि खावे, म्हणून तो लपून राहतो. चिंबोरीची मादी याच मऊ अवस्थेत नराला भेटते, आणि त्याआधी नर तिला कित्येक दिवस आपल्या पोटाखाली धरून राखण करतो.

अमावस्येला खेकडा भरलेला आणि पौर्णिमेला पोकळ, असे आपल्या बायका सांगतात. बाजारात चंद्रापेक्षा कवच पाहावे. नुकती कात टाकलेल्याच्या अंगात पाणीच अधिक, मांस थोडे. त्याचे कवच दाबले तर दबते आणि उचलला तर हलका लागतो. घट्ट, जड, जिवंत तोच घ्यावा. मेलेला खेकडा झपाट्याने नासतो, कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आणि खोकल्यावर, दम्यावर औषध म्हणून कच्च्या खेकड्याचा रस देण्याची चाल कुठे असेल तर ती मोडा. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसाचा कृमी असू शकतो. मणिपूर, नागालँडकडे असे रोगी सापडले आहेत आणि खोकल्यातून रक्त पडते म्हणून त्यांच्यावर क्षयाचे उपचार झाले आहेत. पुरता शिजवला की हा कृमी मरतो.

खावा की खाऊ नये, हा प्रश्नही आपल्या घरांत निघतो. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. ज्याने त्याने ठरवावे, मी कोणाच्या ताटात डोकावत नाही. पण जिवंत खेकडा उकळत्या पाण्यात सोडणे मात्र थांबवता येईल. खेकड्यांना वेदना कळतात याचे भक्कम पुरावे मिळाल्यावर २०२२ साली ब्रिटनने आपल्या प्राणिकल्याण कायद्यात त्यांचा समावेश केला. तासभर बर्फात ठेवला की तो बधिर होतो, मग सुरीने एका घावात काम करावे.

आंबडव्याहून बाणकोटकडे जाताना वेसवीच्या धक्क्यावर एका टोपलीत सुतळीने डेंगे बांधलेल्या चिंबोऱ्या विकायला होत्या. एकेक किलोच्या आसपासची. सावित्रीच्या मुखाशी पिल्ले घालायला माद्या खाडी सोडून समुद्रात उतरतात, आणि पिल्ले पुढे वाढायला पुन्हा खाडीत शिरतात. चिंबोरी विकणारे चाचा फग लावतात. गोल कड्याला जाळे, मध्ये माशाचे डोके बांधलेले. ते पाण्यात सोडायचे आणि चिंबोरी खायला बसली की झटकन वर ओढायचे. कातळातल्या चिंबोरीला लोखंडी आकडी.

टोपली पाहून सोबतच्या एका कार्यकर्त्याने तो प्रसिद्ध दाखला दिलाच. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की दुसरे त्याचे पाय ओढतात; आपल्या गटातटांचे तसेच! हा दाखला मी इतक्या सभांतून ऐकला आहे की आता वक्त्याच्या आधी मीच तो मनात म्हणून घेतो. खेकड्याला पाय ओढायचे नसतात. टोपलीत धरायला काही नसते, म्हणून जे हाताशी येईल ते तो धरतो. वर चढणाऱ्याचा पायही त्याला फांदीच वाटतो. चिखलात, कांदळाच्या मुळांवर सोडा, तिथे कोणी कोणाला ओढत बसत नाही. टोपली कोणी विणली आणि त्यांना आत कोणी कोंबले, हे त्या वक्त्यांपैकी एकाने तरी सांगावे. चाचांना हे सांगितले तर ते हसले, “साहेब, झाकन लावतो आमी. सगळ्या पलतात.”

वेसवीहून पलीकडे बागमांडल्याला फेरीबोट जाते. मी बोटीत बसलो नाही, किनाऱ्याने बाणकोटला गेलो. किल्ल्यावरून सावित्री समुद्राला मिळताना दिसते. पलीकडच्या काठाला हरिहरेश्वराचा डोंगर. १९२७ च्या त्या थंडीत बोट इथूनच आत वळली असणार.

संध्याकाळी वेळासच्या किनाऱ्यावर होतो. २००२ पासून इथे समुद्री कासवांची घरटी राखण्याचे काम चालते. कासवाच्या पिल्लांचा एक शत्रू म्हणजे वाळूतला खेकडा. वाळूच्याच रंगाचा, दिवसा बिळात आणि रात्री बाहेर, धावायला इतका चपळ की डोळा लवतो तोवर दहा हातांवर. डेंगा अंगावर घासून तो करकर असा आवाजही काढतो. ओहोटीच्या ओल्या वाळूवर आणखी एक बारीक जात होती, मिरीच्या दाण्याहून थोडी मोठी. ती वाळूतले सूक्ष्म अन्न चाटून घेते आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकते. तासाभरात बिळाभोवती हजारो गोळ्यांची रांगोळी होते. भरती आली की सगळी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून सुरू. मुले पोटावर पालथी पडून ते पाहत राहिली, अंधार होईपर्यंत.

ज्यांना ही वाट करायची असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. महाडला जायला कोकण रेल्वेचे वीर स्टेशन जवळचे. मुंबई-गोवा रस्त्याने एस.टी. आहेच. गांधारपाले लेणी सकाळी पाहावीत, पावसात पायऱ्या निसरड्या असतात. महाडहून मंडणगडला एस.टी. मिळते, पुढच्या गाड्या कमी, वेळ विचारून निघावे. आंबडव्याला दुपार, वेसवी-बाणकोटला संध्याकाळ आणि वेळासला मुक्काम असा बेत बसतो. वेळासला घरगुती राहण्याची सोय होते. सावित्रीच्या गोड्या पाण्यात, महाडच्या आसपास मगरी आहेत, मुलांना नदीत उतरू देऊ नये. खाडीच्या चिखलात चपला काढून शिरू नये, कालवांच्या शिंपल्यांनी पाय फाटतात. ओहोटीची वेळ गावात कोणालाही विचारली तरी सांगतात.